घरचं नेट आणि खिशातलं नेट

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय असा सांगितला होता: "तू सॉफ्टवेअरमधली, काहीतरी एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलायला शहरात माणसं खूप आहेत. आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात मला खाजगीत सर्वात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न वेगळाच आहे. "अगं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं चालतं, मग घरी वेगळं नेट कशाला घ्यायचं?" मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांनी विचारला, पुण्यात मुलाला होस्टेलवर ठेवलेल्यांनी विचारला, आणि इथे गावात राहिलेल्यांनी तर सर्वात जास्त विचारला. म्हणून मी त्यावरच बोलणार आहे. आणि शेवटी आपल्या शाळेसाठी एक मागणी करणार आहे, तेव्हा जेवणाची घंटा झाली तरी उठू नका.

एक गंमत आधी सांगते. आपण मार्च १९९५ मध्ये दहावीला बसलो. जूनमध्ये निकाल लागला. आणि त्याच वर्षी ३१ जुलैला भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. पुढे दोन आठवड्यांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपण शाळेतून बाहेर पडलो आणि या दोन्ही गोष्टी देशात शिरल्या. त्या वेळी आपल्याला यातलं एकही माहीत नव्हतं. आपल्यासाठी टेलिफोन म्हणजे पोस्टातला काळा डबा, आणि नंतर तालुक्याच्या एसटी स्टँडवरचा पिवळा एसटीडी बूथ. रात्री अकरानंतर दर उतरायचे, म्हणून मुंबईला फोन लावायला लोक झोप मारून रांगेत उभे राहायचे.

त्या पहिल्या इंटरनेटचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. पुढे डायल-अपचे मोडेम ५६ वर गेले. हा ५६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बराच काळ या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या. नेट घराचं होतं, फोन माणसाचा होता. नेट तारेतून यायचं, टेबलावर बसायचं आणि घरातले सगळे त्याच्यापाशी जायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि आपल्या कोकणात तर बहुतेक घरांनी तारेचं नेट पाहिलंच नाही. थेट खिशातलं नेट आलं. हॉटस्पॉट म्हणजे हे खिशातलं नेट काही वेळापुरतं घराचं करणं.

त्यात फोन नेमकं काय करतो? एरवी तो टॉवरशी बोलतो. हॉटस्पॉट लावला की तो एकाच वेळी दोघांशी बोलतो. एका बाजूला टॉवरशी, आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच एक छोटं वाय-फाय उभारून तुमच्या लॅपटॉपशी. लॅपटॉपकडून आलेली प्रत्येक मागणी तो आपल्या नावावर टॉवरकडे पाठवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला वाटून देतो. आपल्या पोस्टमनकाकांसारखं. सगळ्या वाडीची पत्रं एका पत्त्यावर यायची आणि ते घरोघर पोचवायचे. फरक इतकाच की पोस्टमनकाका तापायचे नाहीत, फोन तापतो.

आता माझं मत सरळ सांगते. एकट्या माणसाला, चांगल्या रेंजमध्ये, ईमेल, कागदपत्रं, थोडंफार व्हिडिओ कॉलिंग एवढंच करायचं असेल तर हॉटस्पॉट पुरतो. मी स्वतः मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी इथे घरी येऊन आठवडा-दीड आठवडा याच्यावर नोकरी करते आणि माझ्या ऑफिसात कुणाला कळतही नाही. पण एका माणसाला पुरतं म्हणजे घराला पुरतं असं नाही. आणि घराला पुरलं तरी शाळेला पुरत नाही.

आधी रेंजचं बोलू, कारण आपल्याकडे सगळी बोंब तिथूनच सुरू होते. फोनच्या कोपऱ्यात ज्या दांड्या दिसतात त्यांच्यावर फार विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. एकाच ओट्यावर, एकाच कंपनीचं सिम असलेल्या दोन फोनांत एकात चार आणि एकात दोन दिसतील. खरा आकडा पाहायचा असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये फोनविषयी माहिती असते, तिथे सिमच्या स्थितीत सिग्नलची ताकद लिहिलेली असते. आकडा वजा असतो. वजा ८५ म्हणजे छान, वजा १०० म्हणजे चालेल, वजा ११५ च्या पुढे म्हणजे राम राम. कर्जासारखं समजा, जितकं कमी तितकं बरं.

आणि गणिताच्या सरांनी लॉगॅरिदम शिकवताना आपण सगळे विचारत होतो ना की याचा उपयोग काय? हा उपयोग. या मोजणीत १० चा फरक म्हणजे दहापट, २० चा फरक म्हणजे शंभरपट. माझ्या घरात माजघरात वजा ११८ येतो आणि पडवीच्या खिडकीत वजा ९८. मधे काय आहे? जांभ्याची जाड भिंत, आणि पावसाळ्यात ती पाणी पिऊन बसलेली. एका भिंतीपायी शंभरात एक भाग सिग्नल आत येतो. कौलं काढून पत्रे घातले त्यांच्याकडे तर वरूनही वाट बंद. पत्रा लहरी परतवून लावतो.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. फोन खिडकीत ठेवा आणि तुम्ही आत बसा. आपण नेमकं उलटं करतो, फोन हातात घेऊन माजघरात बसतो आणि सरकारला शिव्या देतो. फोन खिडकीत आणि लॅपटॉप आत, मधलं वाय-फाय ते अंतर भरून काढतं. मात्र हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पर्याय असतात. मधे भिंत असेल तर २.४ निवडा. ५ वेगवान आहे पण जांभ्यापुढे त्याचं काही चालत नाही, ते एकाच खोलीत वापरायचं.

टॉवरच्या लहरींचंही तसंच. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून शिरतात, पण माल कमी वाहतात. २३०० च्या किंवा फाइव्ह-जीच्या ३३०० च्या लहरी भरपूर माल वाहतात, पण डोंगराआड गेलं की संपल्या. आपली वाडी खोऱ्यात आणि टॉवर सड्यावर. सड्यावर गुरं चारणाऱ्याला फाइव्ह-जी आणि खाली तलाठी कार्यालयात गोल गोल चक्र, याचं कारण हे आहे.

व्हिडिओ कॉलवर तुम्हाला मुंबईचा नातू स्पष्ट दिसतो, पण तो ओरडत असतो, "आजी, तुझा आवाज येत नाहीये!" असं होतं की नाही? टॉवरचा आवाज मोठा असतो, तो तुमच्यापर्यंत येतो. तुमचा फोन जास्तीत जास्त पावाएक वॉटपेक्षाही कमी, ०.२ वॉट एवढ्या ताकदीने बोलतो. रेंज कमी असली की तो बिचारा जीव तोडून ओरडत राहतो, त्यात बॅटरी उतरते, अंग तापतं, आणि तरी पोचत नाही. आजीने आवाज चढवून उपयोग नसतो. आजीने खिडकीपाशी जायचं असतं.

तापण्यावरून आठवलं. ज्यांना रोज दोन-चार तास हॉटस्पॉट लागतो त्यांनी वाय-फाय सोडा आणि चार्जिंगची केबल थेट लॅपटॉपला लावून यूएसबी टेदरिंग सुरू करा. फोनचं निम्मं काम वाचतं, चार्जही होत राहतो, आणि वेगही स्थिर मिळतो. तापलेला फोन स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि रोज तापून चार्जिंगला लावला की बॅटरी लवकर म्हातारी होते. फोन उशीखाली किंवा चादरीवर ठेवून हॉटस्पॉट चालवू नका. फुगलेली बॅटरी दिसली तर फोन वापरू नका, दुकानात द्या.

दोन सिम असलेल्या फोनवर आणखी एक घोळ असतो. नेट एका सिमचं आणि फोन आला दुसऱ्या सिमवर, तर बहुतेक फोनमध्ये कॉल संपेपर्यंत नेट थांबतं. मुलगा ऑनलाइन परीक्षा देतोय आणि त्याच वेळी बाबांना "कर्ज हवंय का" म्हणून फोन! परीक्षेच्या वेळी दुसरं सिम बंद ठेवा.

आता डेटाचं गणित. समजा रोजचे दीड जीबी. एकट्याच्या फोनवर ते दिवसभर पुरतात, कारण फोन काटकसरी असतो. लॅपटॉप तसा नाही. त्याला वाटतं आपण वाय-फायवर आहोत, म्हणजे नेट फुकट. मग तो गुपचूप विंडोजचे अपडेट उतरवतो, फोटो वर चढवतो, आणि तासाभरात तुमच्या फोनवर मेसेज येतो की आजचा डेटा संपला. विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या नावावर जाऊन मीटर्ड कनेक्शन हा पर्याय सुरू करा, म्हणजे त्याला कळतं की इथे मीटर चालू आहे. गटाचा व्हिडिओ कॉल तासाला साधारण एक जीबी खातो. कॅमेरा बंद ठेवला तर त्याच्या कितीतरी पट कमी.

आणि रोजचा डेटा संपल्यावर? जाहिरातीत अमर्याद असं लिहिलेलं असतं, ते खोटं नाही, पण बारीक अक्षरात पुढे असतं की त्यानंतर वेग ६४ केबीपीएस. मघाशी ५६ चा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. म्हणजे दीड जीबी संपले की तुम्ही थेट डायल-अपच्या जमान्यात जाऊन पडता. त्या वेगाने एक जीबी उतरायला जवळजवळ पस्तीस तास लागतील. फाइव्ह-जीच्या रेंजमध्ये बऱ्याच प्लॅनवर ही अडचण नाही, पण ती रेंज सड्यावर, हे आपण पाहिलंच.

शिवाय हे रिचार्ज महिन्याचं नसतं, २८ दिवसांचं असतं. वर्षाला बारा नाही, तेरा होतात. कॅलेंडरवाल्यांनाही न सुचलेला तेरावा महिना!

गणपतीतलं नेट तुम्हाला सांगायला नकोच. चाकरमानी आले की गावातलं नेट मरतं. आपण म्हणतो कंपनीने मुद्दाम केलं. टॉवरच्या एका दिशेच्या फोर-जीची क्षमता ठरलेली असते. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर साधारण फोन कागदावर जास्तीत जास्त १५० एमबीपीएस गाठू शकतो, प्रत्यक्षात मिळतं त्याहून पुष्कळ कमी, आणि ते जेवढे लोक तेवढ्यात वाटलं जातं. एरवी वाडीत चाळीस फोन, गणपतीत चारशे. त्यात सगळे आरतीचा व्हिडिओ एकाच वेळी वर पाठवतात. आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते: रेंजच्या काठावर बसलेल्या फोनला तेवढाच मजकूर पाठवायला टॉवरला जास्त वेळ द्यावा लागतो. म्हणजे माजघरात बसून व्हिडिओ पाठवणारा सगळ्या वाडीचा वेग कमी करतो. तेव्हा खिडकीपाशी बसणं हे समाजकार्यही आहे.

इथवर झालं यंत्राचं. आता माणसांचं बोलते, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे.

तारेचं नेट घराचं असतं. हॉटस्पॉट माणसाचा असतो. तो माणूस उठून गेला की नेट त्याच्याबरोबर जातं. मी इथून पुण्याला निघते तेव्हा आईच्या घरातलं नेट माझ्याबरोबर एसटीत बसतं. आईकडे फोन आहे, पण तिच्या प्लॅनमध्ये डेटा नाममात्र, आणि डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं तर शेजारच्या मुलाची कॉलेजातून यायची वाट बघावी लागते. माझ्या लक्षात आलं की आठ-दहा दिवस मी तिला सवय लावते आणि मग ती काढून घेऊन जाते. गेल्या वर्षी घरी तार घेतली ती माझ्या कामासाठी नाही, यासाठी घेतली.

२०२० आठवा. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. रायगडबरोबर आपल्या दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपलं. पोफळी झोपल्या, छपरं गेली, कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. वीज नाही म्हणजे टॉवर बॅटरीवर, मग डिझेलवर, मग डिझेल संपलं की गप्प. आणि त्याच महिन्यात ऑनलाइन शाळा सुरू झाल्या. इथे बसलेल्या बाईंनी आणि सरांनी तो काळ काढलाय, त्यांना मी काय सांगणार? कणकवली तालुक्यातल्या एका मुलीसाठी भावांनी डोंगरावर झोपडी बांधून दिली आणि तिथे बसून तिने पशुवैद्यकाचा अभ्यास केला, ही बातमी तेव्हा सगळीकडे आली होती. लोकांनी कौतुक केलं. मला कौतुकाबरोबर रागही आला होता. पावसात डोंगरावर बसावं लागणं ही जिद्द आहेच, पण ती मुलीला दाखवावी का लागली?

आणि ज्या घरात फोन एकच होता तिथे काय झालं? फोन बाबांचा. बाबा कामावरून संध्याकाळी येणार, तेव्हा तास संपलेले. आल्यावर आधी मोठ्या मुलाची दहावी, मग धाकट्याचा हट्ट, आणि मुलीची पाळी शेवटी, भांडी झाल्यावर, उरलेल्या दोनशे एमबीवर. हे मी कुठल्या अहवालातून सांगत नाही, आपल्याच वाडीतल्या आयांनी मला सांगितलंय. नेट माणसाच्या खिशात असलं की घरात त्याच्यापर्यंत कोण पोचणार हे त्या घरातल्या मानाच्या उतरंडीवर ठरतं. भिंतीवरच्या डब्यातल्या नेटला हे काही कळत नाही. ते सुनेलाही तेवढंच देतं.

म्हणून मला कुणी विचारलं की हॉटस्पॉट का घरचं नेट, तर मी वेग विचारत नाही. मी विचारते, दुपारी अकरा वाजता तुझ्या घरात कोण असतं? आणि तेव्हा फोन कुठे असतो?

तारेचेही भोग आहेत. कोकणात ती खांबावरून, झाडांतून येते. माडाची झावळी पडली की तुटली. वानरं कुरतडतात. दुरुस्तीला माणूस तालुक्याहून येतो, आणि पावसात तो कधी येईल याची खात्री त्यालाही नसते. वीज गेली की घरातला डबा बंद पडतो, पण त्यावर उपाय स्वस्त आहे. तो डबा १२ व्होल्टवर चालतो, वीज फार कमी खातो. दीड-दोन हजारांत त्याच्यापुरती बॅटरी मिळते आणि दोन-चार तास निघतात. जिथे तार पोचत नाही पण टॉवर समोर दिसतो, तिथे २०२३ पासून छपरावर अँटेना बसवून हवेतून नेट देणारी जोडणी आली आहे. ती टॉवरचीच हवा वापरते, म्हणजे गणपतीतला त्रास काही प्रमाणात तिलाही आहे, पण अँटेना बाहेर असल्याने जांभ्याचा प्रश्न मिटतो आणि नेट पुन्हा घराचं होतं. आणि तार तुटली त्या दिवसासाठी हॉटस्पॉट आहेच. माझ्या मते त्याची खरी जागा ती: स्टेपनी. स्टेपनी चांगलीच हवी, पण कुणी स्टेपनीवर मुंबई-गोवा करत नाही. आपल्या रस्त्यावर तर नाहीच नाही.

आता शाळेचं.

काल संध्याकाळी मी शाळेत जाऊन आले. आधीच्या एका तुकडीने दिलेला मोठा टीव्ही आठवीच्या वर्गात आहे. छान आहे, त्यावर कापडाचं शिवलेलं आवरणही आहे. त्याला नेट कुठून मिळतं, हे मी विचारलं. खिडकीच्या गजाला दोन रबरबँड बांधलेले आहेत. तास सुरू झाला की शिक्षिका आपला फोन तिथे अडकवतात, हॉटस्पॉट लावतात, दीक्षावरचा पाठ दाखवतात, आणि तास संपला की फोन काढून पुढच्या वर्गात जातात. टीव्ही मग पुन्हा आवरणात. डेटा त्यांचा. रिचार्ज त्यांच्या पगारातून. मुलांची माहिती पोर्टलवर भरायची, ती त्याच फोनवरून, बहुतेक वेळा घरी गेल्यावर रात्री. त्याच फोनवर त्यांच्या बँकेचे ओटीपी येतात आणि तो फोन पस्तीस पोरांच्या वर्गात खिडकीला टांगलेला असतो. मी विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलंही नसतं. "होतं हो मॅनेज," एवढंच म्हणाल्या. आपल्या बाईही असंच म्हणायच्या, जेव्हा खडू स्वतःच्या पैशाने आणायच्या.

आपल्या ग्रुपवर मतदान चालू आहे, शाळेला काय द्यायचं. पंचाहत्तर इंची स्मार्ट पॅनेल पुढे आहे, मला माहीत आहे. फोटो चांगला येतो, कोनशिलेवर तुकडीचं नाव लागतं. माझं म्हणणं आहे, दुसरा टीव्ही देऊ नका. पहिल्याला नेट द्या. नेटला कोनशिला लावता येत नाही हे मान्य, पण त्याच्या वाय-फायला आपण "१९९५ची तुकडी" नाव ठेवू शकतो. रोज फोनवर दिसेल!

तार शाळेच्या फाट्यावरच्या खांबापर्यंत आलेली आहे, मी काल बघून आले. महिन्याला पाचशेच्या आसपास भाडं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. पाच वर्षांचे महिने साठ. ३५,४०० रुपये. डब्याची बॅटरी आणि दोन वर्गांपर्यंतची केबल वेगळी, ती मी आणि आपला वायरमन मित्र मिळून बघतो, त्याने काल शब्द दिलाय आणि आज तो नाही म्हणू शकत नाही कारण मी माइकवर सांगितलंय. आज हजेरीपटावर आपण बरोबर साठ जण आहोत. साठ महिने, साठ माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला एक महिना येतो. एवढ्यात आज बाहेर धड एक जेवणही होत नाही.

पैसे एकदम गोळा करून कुणाच्या खात्यात पडून राहू नयेत, वर्षावर्षाचं भाडं आगाऊ भरायचं आणि पावती ग्रुपवर टाकायची, असं मी आणि खजिनदारांनी ठरवलंय. मुख्याध्यापिका बाईंनी शाळा समितीचं पत्र तयार ठेवलं आहे. पासवर्ड शिक्षकांकडे राहील, फळ्यावर लिहिला जाणार नाही, आणि कुणाच्याही मोबाइल नंबरचा तो नसेल. मुलांसाठी वेगळं नाव आणि त्याला वेळेचं बंधन, ते मी उद्या सकाळी नऊ वाजता शाळेत बसून लावून देणार आहे. ज्यांना आपल्या घरचा सिग्नल मोजून हवा असेल त्यांनीही तेव्हाच या, मी एसटी अडीचची धरली आहे.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर साठ चौकोनांचा कागद लावलाय. आपापला महिना निवडा आणि नाव लिहा. वाढदिवसाचा घ्या, लग्नाचा घ्या, निकालाचा जून घ्या. मे महिना कुणी घेणार नाही हे मला माहीत आहे, शाळा बंद असते. बिल मात्र येतंच. पाचही मे माझ्या नावावर लिहिले आहेत, त्यामुळे चार जण चौकोनाविना राहतील. त्यांनी आपला वाटा सर आणि बाईंच्या नावाने भरायचा आहे, आणि त्यासाठी आत्ता, जेवणाआधी, चार हात वर यायला हवेत.